घोटा त्याचा, निर्णय कोणाचा?

हॉलंडचा स्ट्रायकर मार्को व्हॅन बास्टन याचा घोटा इटलीतल्या बचावपटूंनी मोडला, असं आमच्या पिढीतले फुटबॉलवेडे एकमेकांना तीस वर्षं सांगत आले. मीही सांगत होतो. इटालियन लीगमधले ते दांडगे डिफेंडर, मागून घातलेले पाय, पंचांनी केलेला काणाडोळा, आणि त्या सगळ्यात चिरडला गेलेला एक उंचापुरा, नाजूक पायांचा कलावंत. गोष्ट पटण्यासारखी होती, शिवाय तिच्यात खलनायक होता. पण ती अर्धीच खरी आहे. तो घोटा पहिल्यांदा दुखावला डिसेंबर १९८६ मध्ये, हॉलंडमध्ये, ग्रोनिंगनविरुद्धच्या लीग सामन्यात. आणि त्या वेळी टॅकल घातली होती ती खुद्द व्हॅन बास्टननेच. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. इटलीतल्या मिलान क्लबकडे अजून गेलाही नव्हता.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रतिस्पर्ध्याने पाय मोडला असेल तर दोष मैदानावरचा, आणि त्यावरचा उपाय शिट्टी आणि लाल कार्ड. पण दुखापत झाली, खेळाडू लंगडत बाहेर आला, आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत ती बिघडू दिली गेली, असं असेल तर दोष शोधायला ड्रेसिंग रूममध्ये जावं लागतं. तपासणीच्या टेबलापाशी. ‘पुढच्या बुधवारी खेळेल ना?’ हा प्रश्न जिथे विचारला जातो तिथे.

त्या सहा महिन्यांत काय झालं, ते व्हॅन बास्टनने आत्मचरित्रात लिहिलं आहे. त्याच्या क्लबचं, अयाक्सचं, प्रशिक्षकपद योहान क्रायफकडे होतं आणि संघ युरोपातल्या कप विनर्स कपमध्ये पुढे पुढे जात होता. डॉक्टरांनी सांगितलं, खेळल्यामुळे घोटा आणखी बिघडणार नाही. मग क्रायफने तोडगा काढला. सरावाला आला नाहीस तरी चालेल, लीगचे काही सामने सोड, पण युरोपातले सामने खेळायचे आणि अंतिम सामना तर खेळायचाच. १३ मे १९८७ रोजी अथेन्समध्ये अयाक्सने लोकोमोटिव्ह लाइपझिगला १-० ने हरवलं. गोल व्हॅन बास्टनचा, हेडरने. सत्तरच्या दशकानंतर अयाक्सला मिळालेला तो पहिला युरोपीय चषक. फोटोत सगळे हसतायत.

त्यानंतर तो मिलानला गेला आणि पहिल्याच हंगामात घोट्याची शस्त्रक्रिया करावी लागली. लीगचे जेमतेम अकरा सामने खेळला. आणि तरीही १९८८ च्या उन्हाळ्यात युरो स्पर्धेत त्याने पाच गोल केले. इंग्लंडविरुद्ध तीन, पश्चिम जर्मनीविरुद्ध उपांत्य सामन्यात शेवटच्या क्षणांत एक, आणि अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध म्युनिकच्या मैदानावर उजव्या बाजूच्या जवळजवळ अशक्य कोनातून चेंडू हवेत असतानाच मारलेली ती व्हॉली. ती ज्याने पाहिली आहे त्याला वर्णन नको, आणि ज्याने पाहिली नाही त्याने हा लेख बाजूला ठेवून आधी ती पाहावी.

इथेच लोक म्हणतात, बघा, बरा झालाच की! मग क्रायफचं आणि डॉक्टरांचं काय चुकलं?

मी गेली वीस वर्षं कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो, म्हणून हे जरा समजावून सांगतो. घोट्यात जिथे हाड हाडाला भिडतं तिथे कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. पेशंटला सांगताना आम्ही त्याला ‘गादी’ म्हणतो. या गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो आणि वेदना सांगणारे मज्जातंतूही नसतात. म्हणजे ती झिजते तेव्हा स्वतः ओरडत नाही, आणि एकदा झिजली की पहिल्यासारखी भरून येत नाही. लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारे पट्टे, सैल पडलेल्या घोट्यावर माणूस पळत राहिला की प्रत्येक वळणाला सांधा किंचित सरकतो आणि गादी घासली जाते. दुखायला लागतं ते खालच्या हाडावर भार यायला लागल्यावर, कधी कधी वर्षांनंतर. ‘दुखत नाही, म्हणजे बरं झालं’ हे वाक्य पोटदुखीच्या बाबतीत बरंचसं खरं असेल. सांध्याच्या बाबतीत ते घातक आहे. आणि दुखणं दाबणारं इंजेक्शन देऊन खेळवलं, तर शरीराने दिलेली एकुलती एक सूचनाही आपण पुसून टाकतो.

म्हणून १९८८ ची ती व्हॉली हा घोटा धड असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. तो खेळाडू किती थोर होता, एवढाच तो पुरावा आहे. अयाक्ससाठी लीगच्या १३३ सामन्यांत १२८ गोल, मिलानसाठी जगातल्या सगळ्यात चिवट बचावांसमोर १४७ सामन्यांत ९० गोल. १९८८, १९८९ आणि १९९२ असे तीन बॅलन डी’ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचे पुरस्कार. यातलं बरंचसं त्याने एका बिघडत चाललेल्या सांध्यावर उभं राहून केलं. १९९० चा विश्वचषक आम्ही शाळकरी पोरांनी दूरदर्शनवर रात्री साडेबारापर्यंत वाट पाहत पाहिला. त्यात त्याचा एकही गोल झाला नाही आणि आम्ही त्याला नावं ठेवली, हे आज आठवलं की वाईट वाटतं.

नोव्हेंबर १९९२ मध्ये त्याने गोटेबर्गविरुद्ध एकाच सामन्यात चार गोल केले. पुढच्याच महिन्यात घोट्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. वसंतात तो परतला आणि २६ मे १९९३ ला मार्सेविरुद्ध युरोपचा अंतिम सामना खेळला, त्याच म्युनिकच्या मैदानावर जिथे ती व्हॉली मारली होती. मिलान हरलं. सामना संपायच्या चार मिनिटं आधी त्याला बाहेर बोलावलं गेलं. वय अठ्ठावीस. त्यानंतर तो एकही अधिकृत सामना खेळला नाही. आणखी शस्त्रक्रिया झाल्या, दोन वर्षं वाट पाहण्यात गेली आणि ऑगस्ट १९९५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. नेहमीच्या कपड्यांत मिलानच्या सान सिरोच्या मैदानाला हात हलवत एक फेरी मारली, तेव्हा प्रशिक्षक फाबिओ कापेलो रडत होते. ते दृश्य प्रसिद्ध आहे. त्याच्या पुढचं मात्र कोणी पाहिलं नाही. रात्री उठून संडासाला जाताना पाय टेकवता येत नाही म्हणून हा माणूस हातापायांवर रांगत जायचा आणि वेदनेवरून लक्ष हटावं म्हणून मनात आकडे मोजायचा, असं त्याने लिहिलं आहे. शेवटी घोट्याची हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकावी लागली. आम्ही त्याला सांधा फ्यूज करणं म्हणतो. दुखणं थांबतं, घोटा वाकणंही थांबतं.

अर्जेंटिनाच्या गॅब्रिएल बातिस्तुताची गोष्ट याहून वेगळी नाही. २००५ मध्ये बूट काढून ठेवल्यावर काही काळातच घोटे इतके ठणकायला लागले की तीन मीटरवरच्या संडासापर्यंत जाणं नको म्हणून त्याने अंथरुणातच लघवी केली. डॉक्टरकडे जाऊन पाय कापा म्हणाला. डॉक्टरांनी अर्थातच ऐकलं नाही. हे त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलंय. इंग्लंडमधल्या निवृत्त व्यावसायिक फुटबॉलपटूंवर नॉटिंगहॅम विद्यापीठाने केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात गुडघ्यांचा संधिवात सर्वसाधारण पुरुषांच्या तुलनेत दुप्पट ते तिप्पट आढळला. म्हणजे व्हॅन बास्टन आणि बातिस्तुता ही दोन दुर्दैवी माणसं आहेत, असं म्हणून सुटका नाही. हा धंदाच माणसाचे सांधे वापरतो.

तेव्हा प्रश्न असा. दुखावलेला खेळाडू मैदानात उतरणार की नाही, हे ठरवायचं कोणी? आणि चुकीचं ठरलं तर पुढच्या चाळीस वर्षांचं बिल भरायचं कोणी?

माझं उत्तर आधीच सांगतो. सामना जिंकण्यात ज्याचा फायदा आहे, त्याच्या हातात हा निर्णय असता कामा नये. क्लबच्या नाही, प्रशिक्षकाच्या नाही, आणि हे बोलायला जड जातं, पण एकट्या खेळाडूच्याही नाही. तो अशा डॉक्टरच्या हातात हवा ज्याचा पगार क्लब देत नाही.

क्रायफला मी खलनायक करत नाहीये. प्रशिक्षकाचं काम संघ जिंकवणं आहे आणि आपला सर्वोत्तम स्ट्रायकर अंतिम सामन्यात हवा असं ज्याला वाटत नाही तो कसला प्रशिक्षक? दोष त्या रचनेचा आहे, जिच्यात त्याची ही रास्त ओढ आणि खेळाडूचा घोटा यांच्यामध्ये उभं राहायला कोणी नव्हतं. ज्याने उभं राहायचं तो डॉक्टर क्लबचा नोकर होता. क्लबच्या डॉक्टरांवर माझा अविश्वास आहे असंही नाही. त्यांच्यातले बहुतेक हाडाचे चांगले वैद्य असतात. पण सोमवारी तुमच्या नोकरीचं भवितव्य ज्याच्या हातात आहे, त्याला शनिवारी ‘नाही’ म्हणायला जो कणा लागतो तो रोज रोज दाखवावा, अशी अपेक्षा कोणत्याही पगारी माणसाकडून करणं अन्यायाचं आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, खेळाडू तयार होता ना! सज्ञान माणूस आहे, शरीर त्याचं आहे, धोका त्याने पत्करला.

या युक्तिवादाचा मला मनापासून आदर आहे, कारण माणसाला स्वतःच्या शरीरावर हक्क असावा असं मीही मानतो. पण ‘तयार होता’ म्हणजे काय, ते जवळून बघा. १९८२ मध्ये व्हॅन बास्टन अयाक्सकडून पहिला सामना खेळला तो बदली खेळाडू म्हणून, आणि त्याच्यासाठी मैदान सोडून बाहेर येणारा खेळाडू होता योहान क्रायफ. ज्याच्या जागी उभं राहून आयुष्य सुरू झालं, तो माणूस पाच वर्षांनी प्रशिक्षक म्हणून समोर बसलाय आणि म्हणतोय, फायनल तेवढी खेळ. वर डॉक्टर म्हणतोय, आणखी बिघडणार नाही. बावीस वर्षांच्या मुलाने ‘नाही’ म्हणायचं ते कशाच्या जोरावर? त्याला जी माहिती दिली गेली तीच चुकीची होती. चुकीच्या माहितीवर दिलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही, हे वैद्यकशास्त्रात आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आहे, तालमींचा आहे. शाहू स्टेडियमवर स्थानिक संघांचा सामना असला की हजारोंनी लोक जमतात, आणि पेठेची ईर्षा काय असते ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. माझ्याकडे एकदा एकोणीस वर्षांचा एक पोरगा आला. गुडघ्याला क्रेप बँडेज, हातात एमआरआयची पिशवी, बरोबर संघाचे दोन जाणते. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट, पूर्ण तुटलेलं होतं. मी रिपोर्ट वाचून दाखवला. तो म्हणाला, “सर, नुसतं रविवारपर्यंत चालतं करा. मग काय करायचं ते करा.” मी जाणत्यांकडे बघितलं. त्यातला एक म्हणाला, “पोरगं तयार हाय की, सर.” मी नाही म्हणालो. ते दुसरीकडे गेले, रविवारी पोरगा पट्टी बांधून उतरला आणि दुसऱ्या हाफमध्ये गुडघ्यातला मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली चकतीही, फाटला. सामना त्यांनी जिंकला. आज तो टेम्पो चालवतो. क्लच दाबताना गुडघा धरतो म्हणून मध्यंतरी पुन्हा आला होता. कोणाबद्दल एक शब्द वाकडा बोलला नाही. त्या सामन्याबद्दलच बोलत होता, डोळे चमकवून.

त्या चमकणाऱ्या डोळ्यांची मला भीती वाटते. खेळाडूचा होकार खोटा नसतो, तो अगदी आतून येतो. म्हणूनच त्याच्यावर सगळा भार टाकून बाकीच्यांनी मोकळं होणं मला मान्य नाही. जो जीव ओवाळून टाकायला तयार आहे, त्याच्याभोवतीच्या शहाण्यांची जबाबदारी वाढते.

आणि हे तत्त्व फुटबॉलने एका बाबतीत मान्यही केलंय. डोक्याला मार लागला तर ‘मी ठीक आहे’ हे खेळाडूचं म्हणणं आता ग्राह्य धरत नाहीत. २०२१ पासून मेंदूच्या आघातासाठी ज्यादा बदली खेळाडू देण्याची चाचणी सुरू झाली, २०२४ मध्ये ती तरतूद नियमावलीतच आली. शंका आली की बाहेर. हे घडायला फार वर्षं लागली. इंग्लंडचा जेफ ॲस्टल २००२ मध्ये वारला आणि त्याच्या मृत्यूचं कारण व्यवसायजन्य आजार असल्याचं, म्हणजे वर्षानुवर्षं जड चेंडूला डोकं लावून मेंदूला झालेल्या इजेचं, चौकशीत नोंदवलं गेलं, त्यालाही दोन दशकं उलटून गेली. डोक्याबाबत जे उशिरा कळलं ते घोट्या-गुडघ्याबाबत कळायला आणखी एक पिढी घालवायची का? मेंदू आणि घोटा यांची किंमत सारखी नाही, हे मान्य. घोट्याने माणूस मरत नाही. पण तीस वर्षं रोज सकाळी जिना आडवा होऊन उतरणं म्हणजे काय, ते मी रोज बघतो.

मैदानावरचे नियम बदलले, याचं श्रेय द्यायलाच हवं. १९९८ च्या विश्वचषकाच्या तोंडावर मागून घातलेल्या धोकादायक टॅकलला लाल कार्ड दाखवायचं असा नियम आला आणि त्यामागे व्हॅन बास्टनची आठवण होती असं अनेकांना वाटतं. चांगलं झालं. आजचे स्ट्रायकर त्या नियमाच्या सावलीत खेळतात. पण कायदा मैदानापर्यंत आला आणि उपचारांच्या खोलीच्या दाराशी थांबला. २०१८ मध्ये फ्रान्सचा सॅम्युएल उमटिटी गुडघ्याचं दुखणं घेऊन विश्वचषक खेळला. आधी शस्त्रक्रिया केली असती तर स्पर्धा हुकली असती. उपांत्य सामन्यात बेल्जियमविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच. देश जगज्जेता झाला, वय चोवीस. त्यानंतर तो गुडघा कधीच पूर्ववत झाला नाही आणि २०२५ मध्ये एकतिसाव्या वर्षी त्याने निवृत्ती घेतली. अथेन्स आणि या गोष्टीत एकतीस वर्षांचं अंतर आहे. उमटिटीने तो धोका पत्करला, त्याला बहुधा पश्चात्तापही नसेल. पण त्याच्यासमोर पर्याय मांडले गेले तेव्हा खोलीत असं किती जण होते, ज्यांचा त्या विश्वचषकात काहीच लागाबांधा नव्हता?

माझ्या म्हणण्यावरचा खरा कठीण आक्षेप आपल्या देशातूनच येतो. तो अन्वर अलीचा. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळलेला हा बचावपटू मुंबई सिटीकडे आला आणि २०१९ मध्ये तपासण्यांत त्याच्या हृदयाच्या स्नायूचा दोष सापडला. भारतीय फुटबॉल महासंघाच्या वैद्यकीय समितीचं मत होतं, खेळणं थांबवावं. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. पुढे आणखी तज्ज्ञांची मतं घेतली गेली, त्याला परवानगी मिळाली, २०२२ च्या सुरुवातीला तो एफसी गोवाकडून खेळू लागला आणि त्याच वर्षी भारताच्या मुख्य संघातही आला. डॉक्टरांचं ‘नाही’ अखेरचं मानलं असतं तर देशाने एक चांगला बचावपटू गमावला असता, हे खरंच आहे.

पण बारकाईने पाहिलं तर त्या प्रकरणात मी मागतोय तेच घडलं. वाद क्लबच्या बंद खोलीत मिटवला गेला नाही. क्लबबाहेरचे डॉक्टर होते, दुसरं मत होतं, दाद मागायला जागा होती, आणि खेळाडूला आपल्या आजाराची पूर्ण माहिती होती. सगळं समजून उमजून त्याने खेळायचं ठरवलं. स्वतंत्र डॉक्टर म्हणजे कायम ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर नव्हे. ‘हो’ म्हणताना ज्याला स्वतःचं काही मिळत नाही, असा डॉक्टर. अन्वरला दाद मागता आली, कारण प्रश्न हृदयाचा होता आणि त्याची बातमी झाली. घोट्यासाठी उच्च न्यायालयात कोण जातो?

आता पैशाचं बोलू, कारण तिथे जास्त राग येतो. राष्ट्रीय संघाकडून खेळताना खेळाडू जखमी झाला आणि २८ दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिला, तर फिफाची एक विमा योजना २०१२ पासून आहे. एका खेळाडूमागे ७५ लाख युरोपर्यंत रक्कम मिळू शकते, जास्तीत जास्त एका वर्षासाठी. ही रक्कम मिळते क्लबला. खेळाडू बसून आहे आणि पगार तर द्यावा लागतोय, त्याची भरपाई म्हणून. योजनेचं नावच क्लबच्या संरक्षणाचं आहे. वर्ष संपलं, करार संपला, गुडघा उरला, तर त्या गुडघ्यासाठी तिच्यात काही नाही. दुसरीकडे, करार चालू असताना खेळाडू देश बदलून दुसऱ्या क्लबकडे जातो तेव्हा त्या बदलीच्या रकमेतले पाच टक्के, बारा ते तेवीस या वयात त्याला ज्यांनी घडवलं त्या क्लबांना वाटून मिळतात. ही फार सुंदर तरतूद आहे. एखाद्या लहान गावातल्या क्लबला तिच्यामुळे वर्षभराचा खर्च सुटतो. म्हणजे घडवणाऱ्याचा हक्क फुटबॉलने मान्य केलाय, विकणाऱ्याचा केलाय, विकत घेणाऱ्याचा केलाय. ज्या सांध्यांची ही सगळी खरेदी-विक्री चालते, त्यांच्या निवृत्तीनंतरच्या इलाजासाठी त्याच बदलीच्या रकमांतून एक टक्का बाजूला काढायला काय हरकत आहे? यंत्रणा तयार आहे, हिशेब ठेवले जातायत. फक्त आणखी एक रकाना वाढवायचा आहे.

क्लब जबाबदारी घेऊ शकतात, हे अयाक्सनेच दाखवलं. जुलै २०१७ मध्ये त्यांचा वीस वर्षांचा अब्देलहक नूरी सरावसामन्यात हृदय बंद पडून कोसळला आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. मैदानावरचे उपचार अपुरे होते, हे क्लबने सुरुवातीला मान्य केलं नव्हतं. वर्षभराने केलं. २०२२ मध्ये ७८.५ लाख युरोंची भरपाई आणि शुश्रूषेचा खर्च यावर कुटुंबाशी समझोता झाला. पैशाने तो मुलगा उभा राहिला नाही. पण ‘आमचं चुकलं’ हे शब्द एका मोठ्या क्लबने जाहीरपणे उच्चारले, आणि मला वाटतं नूरीच्या घरच्यांना त्या शब्दांची गरज पैशाइतकीच होती. गोव्याच्या वाचकांना इथे त्यांच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर आठवल्याशिवाय राहणार नाही. डिसेंबर २००४ मध्ये बंगळुरात फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात डेम्पोसाठी दुसरा गोल करताना झालेल्या टकरीनंतर तो मैदानावर कोसळला आणि वाचला नाही.

भारतात ही जबाबदारी घेण्याची एक जुनी पद्धत होती आणि ती आपण मोडीत काढली. मुंबईत एअर इंडिया, आरसीएफ, मफतलाल, महिंद्र अशा कंपन्यांचे संघ होते. खेळाडू तिथे नोकरीला असायचा. पगार बेताचा, कीर्ती बेताची, पण गुडघा गेला तरी नोकरी बहुधा राहायची. वयाच्या तिसाव्या वर्षी बूट खुंटीला टांगून तो टेबलाशी बसायचा, आणि कंपनीची वैद्यकीय सोय त्याला मिळायची. त्या पद्धतीत खेळाची वाढ खुंटली, हे मी नाकारत नाही. मग व्यावसायिकता आली. महिंद्रने २०१० मध्ये संघ बंद केला. एअर इंडिया आणि ओएनजीसीचे संघ परवान्याच्या निकषांत बसत नाहीत म्हणून २०१३-१४ च्या आय-लीगमधून, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या मुख्य लीगमधून, वगळले गेले. करार आले, लिलाव आले, रोषणाई आली. टेबल मात्र गेलं, आणि त्याच्या जागी काही ठेवायचं राहून गेलं. करार दोन-तीन वर्षांचा, गुडघा जन्माचा. २०२५ मध्ये आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, हंगाम अडकून पडला तेव्हा काही क्लबांनी धडधाकट खेळाडूंचेही पगार थांबवले होते. त्या महिन्यांत शस्त्रक्रियेनंतर घरी पडून असलेल्याचं काय झालं असेल, याचा विचार मी फिजिओ म्हणून केला आणि झोप उडाली. कारण एसीएलची शस्त्रक्रिया हे अर्धंच काम असतं. उरलेलं अर्धं म्हणजे नऊ-दहा महिन्यांचा रोजचा व्यायाम, आणि त्यासाठी माणूस, जागा आणि पैसा लागतो.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. लीगमधल्या सगळ्या क्लबांनी मिळून निधी काढावा आणि सामन्याच्या दिवशी खेळण्यायोग्य कोण हे सांगणारे डॉक्टर त्या निधीतून नेमावेत. खेळाडूची प्रत्येक एमआरआय, प्रत्येक इंजेक्शन, त्यामागचं कारण, याची फाइल खेळाडूच्या स्वतःच्या हातात असावी, त्याला कळेल अशा भाषेत. क्लब बदलला की नव्या डॉक्टरला जुना इतिहास माहीत नाही, हे मी डझनभर वेळा पाहिलंय. आणि निवृत्तीनंतर निदान दहा वर्षं खेळातल्या दुखापतींचा इलाज त्याच निधीतून व्हावा. महागडं वाटत असेल, तर एका परदेशी स्ट्रायकरच्या हंगामाच्या मानधनाशी तुलना करून बघावी.

गावपातळीवर हे कसं जमायचं, असं लोक विचारतात. इथे कुठला निधी आणि कुठले डॉक्टर? मला उलट वाटतं, इथेच आधी जमेल. कोल्हापुरात एका हंगामासाठी एक हाडांचा डॉक्टर आणि दोन फिजिओ, सगळ्या संघांना मिळून, पैसे सामन्यांच्या तिकिटांतून. कोणत्याही पेठेचे नाहीत, म्हणून सगळ्यांचे. सामन्याच्या आदल्या दिवशी ज्याला दुखतंय त्याने येऊन दाखवायचं आणि मिळालेली चिठ्ठी पंचांच्या हातात द्यायची. माझे शनिवार मी त्यासाठी मोकळे ठेवतो, मानधन नको. अट एकच आहे. पोरगा तपासणीसाठी आत आला की दार लागेल, आणि त्याच्याबरोबर आलेले जाणते बाहेरच्या बाकावर बसतील.